जोडीनं धरलेला कतला

"मगदूमसाहेब, आता जे सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कोणालाच वाटलं नाही. तुम्हाला वाटलं, तर मला तुमच्या तब्येतीची काळजी लागेल."

हे मी मशीनवर वाकून, सुईत दोरा ओवता ओवता म्हणालो. समोरच्या स्टुलावर आमच्या गावचे नवे ग्रामसेवक माझा पंचा गुंडाळून बसले होते, कारण त्यांची पँट माझ्या हातात होती. सांगलीकडचा माणूस, नुकताच बदलून आलेला. पंचायतीच्या पायरीवर बसता बसता पँट मागून उसवली आणि दुपारून ग्रामसभा. गोष्ट सांगायला मला असाच माणूस आवडतो. नवा, आणि उठून जाता न येणारा.

मधल्या दारात माझी बायको पार्बता पाटावर बसून चिंचा फोडत होती. दगडी बत्त्याचा टक् टक् आवाज येत होता. ती माझ्या गोष्टींत कधी पडत नाही. ऐकते की नाही तेही कळत नाही.

"सांगा की मास्तर," मगदूम पंचा सावरत म्हणाले. "नाहीतरी मी कुठं जातोय!"

तर ऐका म्हटलं.

आमच्याकडे गावापेक्षा तलाव जास्त. जुन्या मालगुजारांनी बांधलेले. त्यातला पांढरगोट्याचा तलाव सगळ्यात देखणा. एका काठावर उभं राहिलं तर दुसरा काठ दिसत नाही. सकाळी इकडून हाक मारली तर तिकडून ती संध्याकाळी परत येते, आणि येताना थोडी ओली होऊन येते.

"हाक ओली?" मगदूम म्हणाले.

"पाण्यावरून आली म्हणजे ओली होणारच ना. पुढे ऐका."

त्या दिवसांत मी तरुण होतो, दुकान नवं होतं, आणि पार्बता माहेरी होती. सणाला गेलेली नव्हती. रुसून गेली होती, आणि रुसण्याच्याही पुढचं काहीतरी होतं.

झालं होतं असं की मी गावात सांगितलं, माझ्या बायकोला नाग चावला आणि नाग मेला. बस. एवढंच. सदऱ्याला बटणं लावता लावता गिऱ्हाइकाचा वेळ जावा म्हणून सांगितलं. पण गावानं ते धरून ठेवलं. बायका पार्बताच्या पायांवर पाणी घालायला येऊ लागल्या. एकीनं तर तिच्या पायाखालची माती नेऊन कोठीत ठेवली. मला मजा वाटायची. पार्बता दार लावून घ्यायची.

मग एक दिवस दूरच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, बंडी आली. बंडीत एक माणूस, पाय मांडीपर्यंत सुजलेला, तोंडाला फेस. वाट फुटते तिथून सरकारी दवाखाना डावीकडे होता आणि आमचं घर उजवीकडे. बंडी उजवीकडे वळली होती. त्याची बायको पार्बताच्या पायांवर लोळण घेऊन म्हणाली, "माय, हात लाव."

पार्बतानं हात लावला नाही. बंडीवाल्याच्या हातातली बैल हाकायची तुतारी तिनं हिसकली, बैल उलटे फिरवले आणि स्वतः बंडीत चढून दवाखान्यापर्यंत हाकत गेली. माणूस वाचला. पार्बता मात्र घरी परत आली नाही. दवाखान्यातूनच सावरटोल्याच्या वाटेला लागली. सावरटोला तिचं माहेर, तलावाला लागूनच. बंडीवाल्याच्या हाती निरोप तेवढा आला: "त्यायले म्हणा, खरं बोलता आलं का मंग या."

मी आणायला गेलो. पहिल्या खेपेला सांगितलं, माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तेव्हा आई मागच्या बंडीतून तिला समजवायलाच येत होती. दुसऱ्या खेपेला काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण त्यात एक अस्वल होतं.

मगदूम हसले. चिंचेवरचा बत्ता चालूच होता.

अशात हिवाळ्याच्या सुरुवातीला पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. खानझोडेसाहेब म्हणून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी होते, गळाचे भारी शौकीन. त्यांनी मच्छीमार सोसायटीला हाताशी धरून गळानं मासे धरायची स्पर्धा ठेवली होती. पांढरगोट्याच्या तलावात. डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, सोसायटीचे, गळ ज्याचा त्याचा. आणि खाली जाड अक्षरात: 'स्पर्धा जोडीने होईल.'

आता तुम्हीच सांगा, साहेब. आपल्यात पूजा जोडीनं होते. वास्तूला जोडीनं बसतात. आहेर जोडीनं देतात. जोडीनं म्हणजे काय?

"आमच्याकडं जोडी म्हटलं की बैलं," मगदूम म्हणाले.

"मग तुमच्याकडची स्पर्धा बैलांनी जिंकली असती. आमच्याकडे जोडीनं म्हणजे नवरा-बायकोनं. मी दुसरं काही वाचूच शकलो नाही."

मला वाटलं, देवानंच नोटीस लावली. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून तिचा एक छापील कागद मागून घेतला आणि तडक सावरटोल्याला गेलो.

सासरे अंगणात खाटेची दोरी ताणत होते. मला पाहून त्यांनी दोरी आणखी ताणली.

"या जवाईबापू. आज कोण मेलं?"

"मामाजी, मासे धरायचे आहेत. पार्बताला न्यायला आलो."

"मासोळ्या धराले बायको कायले लागते?"

"नियम आहे. जोडीनं धरायचे आहेत."

सासरे दोरी सोडून उभे राहिले. "जोडीनं? हे कोणतं व्रत निंगालं बापा?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो उन्हात धरून वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला आणि आत तोंड करून ओरडले, "पार्बते, लिवलं तर हाये वं! जोडीनंच लिवलं हाये!"

त्या घरात मी बोललेली गोष्ट खरी निघाल्याची ती पहिलीच वेळ. सासूबाईंनी मला बसायला पाट दिला.

पार्बता दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. हातात सूप होतं. बारीक झाली होती. मला काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण जे जे जिभेवर आलं ते ते खोटंच होतं.

"गळाचे लय गमजे सांगता तुमी," ती म्हणाली. "पाहू मंग. जिंकलो, तर डोंग्यातून उतरून तशीच तुमच्या घरी येईन. हारलो, तर तुमचा रस्ता तुमाले, माहा मले. मंग या दारात पाय ठेवाचा नाई. कबूल?"

"कबूल."

"अन् डोंग्यात थाप माराची नाई. एक बी नाई."

"डोंग्यात नाई," मी म्हणालो.

स्पर्धेच्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचलो. पार्बता हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, जशी सत्यनारायणाला बसायची तशी आली होती. आणि पाहतो तर काय, पाळीवर सगळे गडीच गडी. दोन दोन गड्यांच्या जोड्या. नागपूरचे, भंडाऱ्याचे, कोणी हॅट घातलेले, कोणी चाकाच्या विलायती काठ्या आणलेले. बाई एकच. माझी.

हशा असा फुटला की तलावावरची सगळी बदकं उठली.

डहाके वकील आणि त्यांचा साळा ही सगळ्यात पुढची जोडी. दर वर्षी कुठे ना कुठे जिंकणारी. वकिलांनी पोट धरून विचारलं, "काय बे लटारू, भटजी कुठी हाये तुमचा?"

साळा म्हणाला, "भाऊजी, मले सांगतलं असतं तर मी नऊवारी नेसून आलो असतो."

लाजेनं माझे कान तापले. मी परत फिरणार होतो. खरं सांगतो, फिरलोच होतो. पण पार्बतानं पदर कमरेला खोचला आणि सरळ खानझोडेसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, नोटीस तुमी लिवली ना? जोडीनं म्हणून?"

"हो बाई, पण जोडी म्हणजे दोन माणसं."

"मंग आमी कोण हाओ?"

साहेबांनी हॅट काढून डोकं पुसलं. मग म्हणाले, "डोंगा द्या यांना." आणि सगळ्यांना नियम ऐकवले. मासा गळानंच लागलेला पाहिजे. जाळं नाही, हात घालणं नाही. ज्या जोडीचा एक मासा सगळ्यात वजनदार, ती जोडी पहिली. दिवस डोक्यावर आला की शिटी.

डोंगे सुटले आणि आम्ही धुक्यात शिरलो.

ते धुकं साहेब, काय सांगू. पाळ दोन हातांवर दिसेनाशी झाली, मग आवाजही गेला. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये आम्ही. डोंगा पाण्यावर आहे की हवेत, सांगता येत नव्हतं. वल्हं मारलं की थेंबांचा आवाज यायचा तेवढाच, तोही जणू कोणी दुसऱ्या घरात भांडी घासत असावं असा. धुक्याचं पोतही काय होतं! मलमलीपेक्षा बारीक, वुलनपेक्षा ऊबदार. मी खिशातली कात्री काढून एक तुकडा कापून घेतला. अजून पेटीत आहे.

"धुकं? पेटीत?" मगदूम पुढे सरकले. "दाखवा की."

"उन्हात काढता येत नाही. विटतं. हिवाळ्यात या."

वल्हं पार्बताच्या हातात होतं. तलावाकाठची पोर, चालायच्या आधी डोंगा वल्हवायला शिकलेली. मी पुढच्या टोकाला बसून गळ टाकला. माझा गळ म्हणजे बांबूची काठी, मेण लावून पिळलेला दहा नंबरचा दोरा आणि मशीनची सुई तापवून वाकवलेला आकडा. तरंगा म्हणून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ. वकिलांची काठी जपानी होती. माझ्या गळाला दुकानाचा वास येत होता.

बराच वेळ काही झालं नाही. कमळाची पानं डोंग्याला घासून जात होती. एकदा धुक्यातून दोन सारस आले, माणसाएवढे उंच, एकामागे एक, पाण्यातून चालत. आमच्या इतक्या जवळून गेले की मी मान खाली घातली. पुढच्यानं मागच्यासाठी थांबून पाहिलं. मग दोघं पांढऱ्यात विरघळले. पार्बता वल्हं वर धरून कितीतरी वेळ तिकडेच पाहत होती. मी तिच्याकडे.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "पन खरं."

साहेब, तुम्हाला वाटतं तेवढं हे सोपं नाही. मी डोक्यात शोधू लागलो. कपाटात मळका सदरा शोधावा तसं. शेवटी म्हणालो, "कालपासून जेवलो नाही."

"खरं?"

"नाही. सकाळीच तीन भाकरी खाल्ल्या."

तिनं वल्हं जोरात मारलं. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"तुमी काऊन बोलता असं?" ती म्हणाली. रागानं नाही. धुक्यात राग टिकत नाही बहुतेक. "कोन विचारते तुमाले? कोन मांगते?"

मी विचार केला. तरंगा पाण्यावर निजला होता. म्हणालो, "पार्बता, खरं लहान असतं गं. मुठीत मावतं. समोर बसलेल्या माणसाला मूठभर कसं वाढायचं? मग मी थोडं पाणी घालतो."

"तुमच्या पान्यात एक मानूस मरत होता."

डोंगा आपल्या आपण फिरत होता, आणि आम्ही कुठल्या काठाकडे तोंड करून आहोत हे दोघांनाही कळत नव्हतं. दूर कुठेतरी वकिलांचा ट्रान्झिस्टर लागला होता. गाणं धुक्यातून येईपर्यंत त्यातले शब्द गळून पडायचे, नुसती चाल यायची.

मग मला एक खरं सापडलं.

"तुझं ब्लाऊज शिवायला घेतलं होतं," मी म्हणालो. "आंब्याच्या रंगाचं. तू येशील तेव्हा द्यावं म्हणून. बाही उलटी लागली. उसवली. परत उलटीच लागली."

वल्हं थांबलं. "तुमच्या हातानं? उलटी बाही?"

"हाव."

"कोनाले सांगतलं?"

"कोणाला सांगणार? टेलर आहे मी."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडवत राहिली. धुकं हळूहळू पिवळं होऊ लागलं होतं, हळद घातलेल्या दुधासारखं. पाणीही पिवळं. तिचं तोंडही. मला वाटलं, शिटी कधी वाजूच नये. वाजली की काहीतरी ठरणार होतं. नाही वाजली तर आम्ही असेच दोघं, कुठेच नसलेले.

तेवढ्यात धुकं फाटलं आणि वकिलांचा डोंगा शेजारून गेला. साळ्यानं रोहू कल्ल्यात बोटं घालून उंच धरला होता. लांबच्या लांब, तांबूस, चमकता. पाच-सहा किलोचा तरी असेल.

"वहिनी," वकील ओरडले, "तुमचा परसाद झाला का वाटून?"

डोंगा गेला. लाटा आमच्या डोंग्याला येऊन थडकल्या. पार्बतानं आकाशाकडे पाहिलं. सूर्य दिसू लागला होता आणि भराभर वर चढत होता. डोंग्यात आमच्याकडे एक बोटभर मासोळीसुद्धा नव्हती.

"हारलो," ती पुटपुटली. आणि साहेब, हे सांगायलाच पाहिजे, ती खूश होऊन पुटपुटली नाही.

"अजून शिटी वाजली नाही," मी म्हणालो.

आणि मग आलं ते! ज्यासाठी ही गोष्ट सांगतो आहे ते. मी पँट बाजूला ठेवली, कारण हे सांगायला दोन्ही हात लागतात.

रीळ बुडालं. नुसतं बुडालं नाही, आवाज करून बुडालं. काठी धनुष्यासारखी वाकली आणि डोंगा निघाला. वल्हं नाही, वारा नाही, डोंगा आपला निघाला तलावाच्या मध्याकडे. मी ओरडलो, "पार्बता, धर!" तिनं मला कमरेला धरलं. दोरा संपला. मी खिशातून दुसरं रीळ काढून गाठ मारली. तेही संपलं. तिसरं पांढरं नव्हतं, काळं होतं, तेच जोडलं. मासा आम्हाला कमळांतून घेऊन गेला, बदकांतून घेऊन गेला, बेटाला वळसा घालून सावरटोल्याच्या घाटापर्यंत घेऊन गेला. घाटावर सासूबाई धुणं धूत होत्या. मी म्हटलं, 'सासूबाई, नमस्कार.' त्या म्हणाल्या, 'चहा घेऊन जा.' म्हटलं, 'मासा थांबत नाही.'

"मास्तर!" मगदूम गुडघ्यावर हात मारून म्हणाले.

"थांबा. मग तो दमला. पाण्याच्या वर आला आणि त्यानं आमच्याकडे पाहिलं. कतला. हंड्याएवढं डोकं, कात्रीनं कापल्यासारखे खवले. एवढा मोठा कतला मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या एका डोळ्यात मी दिसत होतो आणि एका डोळ्यात पार्बता. मी हळूच ओढला, तिनं हळूच ओढला, आणि जोडीनं आम्ही त्याला डोंग्यात घेतलं. तो असा आडवा पडला की डोंग्याची कड पाण्यापर्यंत खाली गेली. तेवढ्यात शिटी वाजली."

मगदूमांच्या कमरेचा पंचा सैल झाला होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

पाळीवर आम्ही उतरलो तेव्हा कोणी हसलं नाही. मासा दोघांनी मिळून उचलून नेला. काट्यावर घातला तर वकिलांचा रोहू त्याच्यापुढे पिल्लू दिसत होता. खानझोडेसाहेब गुडघ्यावर बसून त्याचं तोंड पाहू लागले, जबड्यात गळाची खूण कुठे आहे ती शोधू लागले. मोठ्या माशाची खूण लवकर दिसत नाही. मग साहेबांनी वर पाहिलं. "लटारू, तू सांगशील ते मी मानीन," ते म्हणाले. "गळानंच लागला ना?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "गळानंच साहेब! गळानं नाही तर काय आमंत्रणानं येईल?"

टाळ्या पडल्या. पहिला नंबर. हार पडला, दोघांच्या गळ्यात एकच, लांब होता. वकिलांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'लटारूभाऊ, पुढच्या वर्षी मीबी बायकोले आणीन.' आणि पार्बता, ठरल्याप्रमाणे, डोंग्यातून उतरली ती सरळ माझ्या घरी आली. माहेरी लुगडं आणायलाही गेली नाही. अट म्हणजे अट.

मी पँट उचलून परत मशीनवर घेतली. गोष्ट संपली की हात आपोआप कामाला लागतो.

मगदूमांनी मोठा श्वास सोडला. "आयला मास्तर. म्हणजे त्या कतल्यानं तुमचा संसार वाचवला म्हणायचा."

"वाचवला? ओढून आणला!"

"आणि समजा हरला असता, तर?"

"तर आज तुम्ही या घरात चिंचा फोडताना कोणालाच पाहिलं नसतं," मी म्हणालो. "शब्दाची पक्की आहे ती. हरलो असतो तर पार्बता आली नसती."

मधल्या दारातला बत्ता थांबला.

"खोटं," पार्बता म्हणाली.

इतकी वर्षं ही गोष्ट मी सांगतो आहे. न्हाव्याला सांगितली, शाळेच्या मास्तरांना सांगितली, दोन तहसीलदारांना सांगितली. तिनं कधी त्यात शब्द टाकला नव्हता. मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं.

मगदूम तिच्याकडे वळले. "कोणतं, काकू? तसं बरंच आहे."

"ते धुकं नि माह्या मायचा चहा जाऊ द्या," ती म्हणाली. हात चिंचेनं काळे झाले होते, ते तिनं मांडीवर तसेच उताणे ठेवले. "हारलो होतो आमी."

"पार्बता," मी म्हणालो, "साहेबांना ग्रामसभेला जायचं आहे."

"जातील. पँट तुमच्याच हातात हाये." मग मगदूमांना म्हणाली, "गळाले मासा लागलाच नाई, साहेब. तरंगा निजला होता. हा कतला आपल्या मनानं पान्यातून उसळला अन् डोंग्यात येऊन पडला, माह्या मांडीवर. असं होते कदी कदी. कोनी पाह्यलं नाई. काठावर आलो तवा खानझोडेसाहेबानं यायले इचारलं, गळानंच ना? डोंग्यातून उतरलो होतो आमी. थाप माराले मोकळे होते हे. एक 'हाव' म्हनाचा होता."

"मग?" मगदूम म्हणाले.

"यायनं माह्याकडे पाह्यलं. मी बी 'म्हना' म्हटलं नाई, 'नका म्हनू' बी म्हटलं नाई. तर म्हनाले, 'नाई साहेब. उडी मारून आला.' सारी पाळ हासली. वकील म्हने, लटारू, आज तरी खरं बोल बे! साहेब म्हनाले, गळाचा नाई तर मोजत नाई. रोहू जिंकला. एका मानसाचा बी यायच्यावर इस्वास बसला नाई."

मगदूम माझ्याकडे पाहत होते. मी सुईकडे पाहत होतो. सुईत दोराच नव्हता, केव्हा निघाला कळलं नाही.

"अन् मग तुम्ही आलात?" त्यांनी हळूच विचारलं. "हरूनसुद्धा?"

"हे खरं बोलले ते पाळीवर कोनालेच ठाऊक नोतं, साहेब," पार्बता म्हणाली, आणि बत्ता उचलला. "डोंग्यात मीच होती ना."